गच्चीवरून अंधुक दीर्घिका आणि धूमकेतू: कोल्हापूरच्या आकाशात काय शोधावं, कसं आणि कुठल्या दिशेला

कळंब्याहून एका नव्या निरीक्षकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: १३० मिलिमीटर व्यासाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण घरी आहे. शनीची कडी, गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ हे सगळं छान दिसतं. दीर्घिका मात्र काही केल्या दिसत नाहीत. एम ५१, एम १०१ आणि एम ३३ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) या तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत शोधून झाल्या. एम १०१ ची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) ७.९ लिहिलेली असते, आणि त्याच गच्चीवरून ९ व्या प्रतीचे तारे तर आरामात दिसतात, मग ही का दिसू नये? आता संध्याकाळी पश्चिमेला एक धूमकेतू आलाय, ॲप त्याची प्रत ८.५ दाखवतं, तोही सापडत नाही. दुर्बिणीत दोष आहे का? मोठी घ्यावी का?

दुर्बिणीत दोष नाही. शनीची कडी रेखीव दिसतात म्हणजे आरसे जागेवर आहेत. अडचण दोन गोष्टींची आहे. शोधायला घेतलेल्या तिन्ही दीर्घिका शहरालगतच्या गच्चीसाठी सर्वांत अवघड गटातल्या आहेत. आणि तिन्ही उत्तरेकडच्या आहेत, म्हणजे कळंब्यातून बघताना नेमक्या कोल्हापूर शहराच्या उजेडाच्या बाजूला.

आधी त्या प्रतीच्या आकड्याचं बघू, कारण धूमकेतूचं कोडंही तिथेच सुटतं. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो. दीर्घिकेची किंवा धूमकेतूची प्रत सांगताना तिचा सगळा प्रकाश गोळा करून एका बिंदूत भरला तर किती तेजस्वी दिसेल, एवढंच सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात तो पसरलेला असतो. एम १०१ जवळजवळ पूर्ण चंद्रबिंबाएवढ्या जागेत पसरली आहे. एम ३३ ची प्रत ५.७, पण तिची लांबी दोन चंद्रबिंबांहून जास्त. उलट देवयानी दीर्घिकेची छोटी सोबतीण एम ३२ कागदावर ८.१ प्रतीची, म्हणजे एम ३३ पेक्षा जवळपास नऊ पट मंद. तरीही गच्चीवरून एम ३२ आधी दिसते, कारण तिचा प्रकाश लहानशा ठिपक्यात एकवटलेला आहे. म्हणून यादी हातात घेतली की प्रतीच्या शेजारचा आकाराचा रकाना आधी वाचा. प्रत ८ किंवा ९ आणि आकार लहान, किंवा लांबट व अरुंद, अशा दीर्घिका आधी घ्या. मोठ्या, गोल, समोरून दिसणाऱ्या सर्पिल दीर्घिका खऱ्या काळोखासाठी राखून ठेवा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही, पण ती खरी आहे. कुठलीही दुर्बीण पसरलेल्या प्रकाशाची दाटी वाढवू शकत नाही. १३० मिलिमीटरचा आरसा डोळ्याच्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा साधारण साडेतीनशे पट प्रकाश गोळा करतो, पण तो मोठ्या झालेल्या प्रतिमेवर वाटला जातो. दुर्बिणीचा फायदा एवढाच की डाग मोठा होतो, आणि अंधुक डाग मोठा असला की डोळ्याला तो लवकर जाणवतो. आकाशाचा उजेड आणि दीर्घिकेचा उजेड यांचं प्रमाण तेच राहतं.

यातून कामाची सूचना निघते ती नेहमीच्या सल्ल्याच्या उलट आहे. 'अंधुक वस्तू म्हणजे कमीत कमी वर्धन' असं सरसकट सांगतात. शोधण्यासाठी ते बरोबर आहे. तुमच्या २५ मिलिमीटरच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) २६ पट वर्धन आणि सुमारे दोन अंशांचं दृष्टिक्षेत्र मिळतं, जागा गाठायला ते उत्तम. पण जागा गाठली आणि काहीच दिसलं नाही, तर तिथून हलू नका. १० मिलिमीटरचा आयपीस लावा, ६५ पट होईल. पार्श्वभूमी करडी होती ती काळवंडते, डाग अडीच पट मोठा होतो, आणि लहान दीर्घिका पुष्कळदा इथेच पहिल्यांदा जाणवते. त्यापुढे जाण्यात १३० मिलिमीटरला फारसं हशील नाही. दुर्बिणीसोबत फुकट आलेले ४ मिलिमीटरचे आयपीस आणि स्वस्त बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) डब्यातच असू देत.

आता दिशा. कळंबा शहराच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथून उत्तरेचं आकाश कायम धुरकट पिवळं. तुमचा खजिना दक्षिणेला आहे. आपण १६.७ अंश अक्षांशावर राहतो ही मोठी गोष्ट आहे. युरोपातले हौशी निरीक्षक ज्या वस्तूंसाठी क्षितिजावर डोळे ताणतात, त्या आपल्याकडे ऐन उंचीवर येतात. एनजीसी २५३ (एनजीसी ही आणखी एक मोठी यादी) नोव्हेंबरात रात्री साडेनऊ-दहाला ४८ अंशांवर असते. प्रत सुमारे ७.२, लांबट, चिरुटासारखी. एम ८३ आपल्याकडे ४३ अंशांपर्यंत चढते. नरतुरंगातली एनजीसी ५१२८ तर ३० अंशांवर येते. एम ८१ आणि एम ८२ ही प्रसिद्ध जोडी मात्र उत्तरेला जास्तीत जास्त ३८ अंशांवर, तीही शहराच्या झगमगाटावर. त्या जोडीसाठी शहराच्या दुसऱ्या अंगाला, पन्हाळ्याकडे किंवा मसाई पठारावर जायला हवं, म्हणजे कोल्हापूर पाठीमागे राहतं आणि उत्तर मोकळी मिळते. एकाच दृष्टिक्षेत्रात गोलसर एम ८१ आणि सुरीच्या पात्यासारखी एम ८२ बघायला तेवढा प्रवास करावाच.

हंगामाचंही तसंच. पाऊस परतल्यावर ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत धूळ धुतलेली असते, ते आमचे सोन्याचे दिवस. मग गळीत हंगाम सुरू होतो. कारखान्यांचा, गुऱ्हाळांचा धूर, रानात पेटवलेलं पाचट, त्यात पंचगंगेच्या खोऱ्यातलं पहाटेचं धुकं. थंडीत हवा जमिनीलगत साचते आणि हे सगळं खालीच तरंगत राहतं. तारे टपोरे दिसतात म्हणून आकाश चांगलं असं समजू नका. दीर्घिकांना पारदर्शकता लागते, आणि धुरातून रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो. मार्च ते मे हा दीर्घिकांचा खरा मोसम, पण धुरळ्याचा. त्यात वळीव पडला तर ती रात्र सोडू नका. संध्याकाळी धो धो कोसळून नऊला आकाश उघडलं की कळंब्यातूनसुद्धा ओळखू येणार नाही इतकं स्वच्छ आकाश मिळतं.

आज आकाश कसं आहे हे ठरवायची माझी कसोटी सोपी आहे. सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी, न ताणता दिसली पाहिजे. तिची प्रत ४. ती शोधावी लागत असेल तर त्या रात्री जोडतारे, ग्रह, तारकागुच्छ बघा, दीर्घिकांमागे लागू नका. चंद्राच्या बाबतीत तर तडजोडच नाही. अमावस्येच्या आगेमागेचा आठवडा, बस्स.

आता डोळ्याबद्दल. याच्यावर लोक सर्वांत कमी कष्ट घेतात आणि फळ सर्वांत जास्त इथे आहे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून. ॲपचा लाल पडदासुद्धा पुरेसा मंद नसतो. मी शोध-नकाशा कागदावर उतरवून घेतो आणि लाल जिलेटिन कागद लावलेल्या बारीक बॅटरीने बघतो. गच्चीवर उभं राहताना पाण्याच्या टाकीचा आडोसा असा घ्या की समोरच्या खांबावरचा एलईडी दिवा थेट दिसणार नाही. आणि डोक्यावरून काळं जाड सुती कापड घ्या, दीड-दोन मीटरचा तुकडा पुरतो. कापडाखाली आयपीसला डोळा लावून चार-पाच मिनिटं शांत बसलात की आधी रिकामी वाटलेली जागा रिकामी राहत नाही. कुठलाही फिल्टर हे करू शकत नाही. तेजोमेघांचे फिल्टर दीर्घिकांना निरुपयोगी आहेत, कारण दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. तो फिल्टरमध्ये आकाशाबरोबर कापला जातो.

मग तिरकी नजर. डोळ्याच्या मधोमध अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच, त्या कडेला असतात. म्हणून दीर्घिकेकडे थेट बघायचं नाही, थोडं बाजूला बघायचं. कुठल्या बाजूला, हेही महत्त्वाचं आहे. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे ठेवा, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला येते. डाव्या डोळ्याने बघताना नजर डावीकडे. उलट केलंत तर वस्तू डोळ्याच्या अंधबिंदूवर पडून साफ नाहीशी होऊ शकते. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हलणारा अंधुक डाग स्थिर डागापेक्षा चटकन लक्षात येतो.

हे सगळं एका दीर्घिकेवर करून बघू. एम १०४, सोम्ब्रेरो. प्रत ८, लांबट, दाट, आणि आपल्याकडे दक्षिणेला ६२ अंशांपर्यंत चढणारी. कळंब्याच्या गच्चीला याहून योग्य दीर्घिका नाही. एप्रिलच्या अखेरीस रात्री साडेदहा-अकराला ती मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, असते. चित्रेच्या पश्चिमेला हस्ताचा चौकोन ओळखा. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा, डेल्टा, फाइंडरच्या (दुर्बिणीवर बसवलेल्या शोधकाच्या) मध्यावर आणा. तिथून उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलत, साडेपाच अंश जायचं आहे. साधारण पाच अंश चढल्यावर २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये एक न चुकणारी खूण येते: ताऱ्यांचा त्रिकोण आणि त्याच्या पोटात दुसरा लहान त्रिकोण. ही खूण मिळाली की अर्धं काम झालं. दीर्घिका तिथून अंशभर पूर्वेला. तेवढं सरका आणि थांबा. कापड डोक्यावर, नजर बाजूला. आधी वाटेल की एक तारा नीट फोकस झालेला नाही. मग तो पूर्व-पश्चिम लांबतो, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. आता १० मिलिमीटरचा आयपीस लावा. दक्षिणेची कड उत्तरेपेक्षा तुटक, धारदार वाटते का बघा. ती तिथली धुळीची पट्टी. गच्चीवरून ती वेगळी रेघ म्हणून दिसणं कठीण, पण कड जाणवते, आणि त्या जाणवण्यातच या छंदाची सगळी गंमत आहे. जवळपास तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो.

हे जमलं की सिंहेत जा. पूर्वा फाल्गुनीतल्या खालच्या ताऱ्याखाली एम ६५ आणि एम ६६ एकाच दृष्टिक्षेत्रात सापडतात. या भागाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) १३ अंश, म्हणजे आपल्या जवळजवळ डोक्यावरून जाणारा. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ आणि शहराचा उजेड सर्वांत कमी. शेजारची एनजीसी ३६२८ गच्चीवरून बहुधा मिळणार नाही. पुढे उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतला एप्सिलॉन तारा यांच्या मधोमध एम ८४, एम ८६, आणि त्यांच्याजवळ एम ८७, गोल, दाट, ८.६ प्रतीची. ज्या कृष्णविवराचं पहिलं चित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं ते हिच्याच पोटात आहे. पाच इंचांच्या आरशात ती कापसाच्या बोंडाएवढी दिसते, पण दिसते.

आणि नेमकं इथूनच धूमकेतूकडे वळायला हवं. ५ मे १७७९ च्या रात्री शार्ल मेसिए हा फ्रेंच निरीक्षक, ज्याच्या यादीवरून 'एम' क्रमांक आले, त्या वर्षीच्या धूमकेतूचा माग काढत याच कन्या राशीत आला, आणि एम ६१ ही दीर्घिका बघून तिलाच धूमकेतू समजला. ती जागची हलत नाही हे ११ मेला लक्षात आलं. त्याची सगळी यादीच धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या, पण धूमकेतू नसलेल्या वस्तूंची आहे. म्हणजे लहान दुर्बिणीत दोन्ही सारखेच दिसतात, आणि बघण्याची रीतही तीच: काळोख, तिरकी नजर, धीर. फरक एवढाच, की धूमकेतू चालतो.

तुमच्या धूमकेतूसाठी पहिलं काम ॲपमधले कक्षेचे आकडे ताजे करण्याचं. जुने आकडे असले तर जागा चुकते, आणि तुम्ही तासन् तास रिकामं आकाश चाळता. मायनर प्लॅनेट सेंटर हे आकडे प्रसिद्ध करतं, स्टेलॅरियम या आकाश-नकाशाच्या ॲपमध्ये ते आत घेण्याची सोय आहे. दुसरं, ८.५ हा आकडा ॲपने सूत्राने काढलेला असतो. धूमकेतू सूत्राला बांधील नसतो. सी/२०१२ एस १ आयसॉन २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याजवळ जाताना विस्कटून गेला, तर ज्याचे तुकडे होतील असं काही जण म्हणत होते तो सी/२०२३ ए ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळी नुसत्या डोळ्यांना दिसला. म्हणून सूत्रापेक्षा जगभरच्या निरीक्षकांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी केलेले अंदाज बघा. कॉब्स नावाच्या नोंदसंग्रहात ते रोज जमा होतात. तिथे शिरोभागाचा व्यास आणि 'घनतेचा अंक' म्हणजे डीसी दिलेला असतो, ० ते ९. डीसी ७ असेल तर गच्चीवरून दिसेल. डीसी २ असेल आणि व्यास मोठा, तर ८.५ प्रत असूनही कळंब्यातून दिसणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ४६पी विर्टानेन कृत्तिकांजवळून गेला तेव्हा त्याची एकूण प्रत चारच्या आसपास होती, पण तो इतका पसरलेला की गावांतल्या दिव्यांत नुसत्या डोळ्यांना कळत नव्हता.

तिसरी अडचण उंचीची. क्षितिजापासून १० अंशांवर हवेचा थर डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट जाड, आणि आपल्याकडे त्यात धूर. एक प्रत तरी तिथेच जाते, बहुधा जास्तच. आपल्याकडे पूर्ण काळोख व्हायला सूर्यास्तानंतर सव्वा तास लागतो. तोवर धूमकेतू १५ अंशांच्या खाली जात असेल तर गच्ची विसरा आणि पश्चिम उघडी असलेली जागा गाठा. गगनबावड्याकडे जाताना जितकं पुढे जाल तितकं आकाश गडद होतं, पण घाटमाथ्यावर कोकणातून चढणारं धुकं तासाभरात सगळं झाकू शकतं. दाजीपूर-राधानगरीच्या बाजूचा काळोख उत्तम. मात्र तो गव्यांचा मुलूख आहे, रात्री अभयारण्यात शिरायचं नसतं. गावाजवळच्या ओळखीच्या शेतात, मालकाला सांगून, दोघा-तिघांनी मिळून बसावं.

सापडल्यावर आधी २६ पटीतच बघा, धूमकेतूला मोकळी जागा लागते. हाताशी १० बाय ५० ची द्विनेत्री असेल तर तीही लावून बघा, मोठा पसरट धूमकेतू तिच्यात पुष्कळदा दुर्बिणीपेक्षा बरा दिसतो. छायाचित्रातली हिरवी झाक आणि लांब शेपूट मनातून काढून टाका. करडा गोल, मधे थोडा दाट, आणि नशीब असेल तर एका बाजूला किंचित ओढलेला. ती बाजू सूर्याच्या विरुद्ध आहे का हे ताडून पाहा. मग कागदावर गोल काढून दृष्टिक्षेत्रातले पाच-सहा तारे आणि धूमकेतूची जागा पेन्सिलने नोंदवा, वेळ लिहा. तासाभराने पुन्हा तेच. दिवसाला दोन अंश चालणारा धूमकेतू तासात चंद्रबिंबाच्या सहाव्या भागाइतका सरकतो, आणि ६५ पटीत ते लख्ख कळतं. डाग जागचा हलला नसेल तर ती दीर्घिका. तीही नोंदवहीत लिहा, शोधून काढलेली दीर्घिकाच आहे ती.

त्याची प्रत काढायलाही शिका. धूमकेतूचं फोकसमधलं रूप मनात धरायचं, मग जवळचे ज्ञात प्रतीचे तारे फोकसबाहेर नेऊन तेवढेच फुगवायचे आणि तेज जुळवायचं. एक तारा थोडा उजळ, एक थोडा मंद असा मिळाला की मधला आकडा हाती येतो. सुरुवातीला अर्ध्या प्रतीचा फरक पडेल, त्याने बिचकू नका. असे अंदाज कॉब्स स्वीकारतं, आणि १६.७ अंश अक्षांशावरून आलेल्या नोंदींना मोल आहे, कारण उत्तरेकडच्यांना न दिसणारे बरेच धूमकेतू आपल्याला दिसतात.

राहिला मोठ्या दुर्बिणीचा प्रश्न. आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची परावर्ती दुर्बीण) पाच इंचीपेक्षा जवळपास अडीच पट प्रकाश गोळा करते, फरक खरोखर पडतो. पण कळंब्याच्या गच्चीवरच्या आठ इंचीपेक्षा गगनबावड्याच्या रस्त्यावरची तुमची पाच इंची जास्त दीर्घिका दाखवेल. शिवाय आठ इंची जिन्यावरून वर-खाली नेणं सोपं काम नाही, आणि जी रोज उचलाविशी वाटत नाही ती दुर्बीण वर्षभरात कोपऱ्यात जाते. आधी हा एक मोसम याच दुर्बिणीने काढा. एम १०४, सिंहेतली जोडी, एम ८७, एम ८३ आणि पावसानंतर एनजीसी २५३ एवढं नोंदवहीत आलं, की मग आठ इंचीचा विचार करा. आणि तेव्हाही आधी कुणाच्या तरी आठ इंचीतून एम १०४ बघून या.